पुतळा समित्यांना खुले पत्र : आधी ओतू द्या, मग तारीख धरा

प्रति,
महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पुतळा समित्यांचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपली मंडळी फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, येतात तेव्हा आम्हाला आनंदच होतो. दोन गाड्या, सात-आठ जण, सोबत पेढ्यांचा पुडा. चहा होतो, मातीच्या नमुन्यासोबत फोटो होतात आणि लगेच प्रश्न येतो, "१९ फेब्रुवारीला मिळेल ना?" गाव बदललं की तारीख बदलते. कुठे ११ एप्रिल, कुठे १४ एप्रिल, कुठे ३१ मे, कुठे १ ऑगस्ट. मंत्र्यांची वेळ घेऊन झालेली असते, मांडववाल्याला विसार गेलेला असतो, चबुतऱ्याच्या ग्रॅनाइटवर अनावरणाची तारीखही कोरून तयार असते. पुतळा तेवढा व्हायचा राहिलेला असतो.

मी मेणाचं आणि छिन्नीचं काम करणारा माणूस आहे. मूर्तिकाराचं नाव चबुतऱ्यावर येतं, समितीचं येतं, प्रमुख पाहुण्यांचं तर येतंच. मेण लावणारा, साचा भाजणारा, वितळलेल्या धातूचा रस ओतणारा, सांधे घासणारा यांचं येत नाही. त्याबद्दल फार तक्रार नाही. पण निनावी असल्यामुळे एक सोय मिळते, ती म्हणजे खरं बोलता येतं. कोणत्याही एका समितीबद्दल हे पत्र नाही, म्हणून गावाचं नाव कुठेच घेत नाही.

मागणं एकच आहे. पुतळा ओतून, जोडून, चबुतऱ्यावर उभा करून, इंजिनिअरने तपासून झाला की मग अनावरणाची तारीख ठरवा. हा उलटा क्रम आज आपल्याकडे जवळजवळ कुणीच पाळत नाही. तो का पाळायला हवा, एवढंच पुढे सांगतो.

पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. आजही कुठलीही समिती आली की "घोडा तसा हवा" म्हणून त्याचाच फोटो मोबाइलवर दाखवते. कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली. पुढच्याच मे महिन्यात शाहू महाराज गेले. सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी घडवलेल्या या पुतळ्याचं अनावरण झालं ते थेट जून १९२८ मध्ये. कोनशिलेपासून साडेसहा वर्षं. ती सगळी काही भट्टीपुढे गेली नाहीत, हे मलाही कळतं. पण त्या उशिराची आज कुणाला आठवणसुद्धा नाही, पुतळा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जाता जाता एक गंमत. तो पुतळा उघडणारे गव्हर्नर लेस्ली विल्सन. याच विल्सनसाहेबाचा पुतळा कोल्हापुरात होता. बेचाळीसच्या चळवळीत स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी घडवलेला.

आता काम कसं होतं ते सांगतो. तारीख ठरवणाऱ्या मंडळींना हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं, असा माझा अनुभव आहे.

आधी लोखंडी सळ्यांचा आणि जाळीचा सांगाडा, त्यावर माती. ही माती दिवसरात्र ओली ठेवावी लागते, रात्री ओलं फडकं, उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा फवारा. चेहरा, पागोटं, बोटं, अंगरख्याची चुणी हे सगळं इथे ठरतं. कला संचालनालयाची मंजुरी याच टप्प्यावर घेतात. तुम्हाला जे बदल हवेत ते इथेच सांगा. मातीत मिशीचा पीळ बदलायला मूर्तिकाराला अर्धा तास लागतो. धातूत बदलायचा म्हणजे कापायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा जोडायचं. आणि कृपा करून मंजुरीला एकदाच, सगळे मिळून या. निम्मी समिती सोमवारी आणि निम्मी गुरुवारी आली की पुतळ्याचं नाक दोनदा बदलतं.

माती मंजूर झाली की तिच्यावरून प्लास्टरचा किंवा फायबरचा साचा काढतात, तुकड्या-तुकड्यांत. मोठ्या अश्वारूढ पुतळ्याचे तुकडे सहज वीस-पंचवीस होतात. मग प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूने मेणाचा थर. मधमाश्यांचं मेण, पॅराफिन, थोडी राळ, आणि ऋतू बघून प्रमाण बदलायचं. उन्हाळ्यात मेण सैल पडतं, थंडीत तडकतं. हा थर जेवढा जाड, तेवढाच पुढे धातू जाड. सहा ते आठ मिलिमीटर ठेवायचा आणि सगळीकडे सारखा ठेवायचा, ही खरी कसरत. एका जागी चार आणि शेजारी बारा झाला, तर पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागून, आणि दोघांच्या ओढाताणीत मध्ये चीर जाते. बाहेरून छिन्नी फिरवून रंग दिला की चीर दिसत नाही. असते मात्र तिथेच.

मेणाच्या पोकळीत आत गाभा भरतात, प्लास्टर आणि विटांच्या चुऱ्याचा. मेण वितळल्यावर हा गाभा हलू नये म्हणून आरपार लोखंडी खिळे ठोकतात. बाहेर मेणाच्याच नळ्या बसवतात, काही रस आत यायला, काही हवा आणि वाफ बाहेर जायला. मग सगळ्यावर पुन्हा प्लास्टर-चुऱ्याचं जाड कवच आणि तो गठ्ठा भट्टीत. मेण वितळून निघून जातं आणि त्याची जागा मोकळी होते.

इथून पुढचा टप्पा समितीच्या कुणालाच बघायला आवडत नाही, कारण बघण्यासारखं काहीच नसतं. साचा नुसता भाजत असतो. दिवसेंदिवस. सहा-सातशे अंशांपर्यंत हळूहळू न्यायचा आणि तसाच हळूहळू उतरवायचा. आतली ओल पूर्ण जाईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही. ओल राहिली आणि हजार-अकराशे अंशांचा रस आत गेला, तर त्या ओलीची क्षणात वाफ होते. नशीब चांगलं असेल तर धातूत हवेची भोकं राहतात. नसेल तर रस उसळून बाहेर येतो, आणि तो कुणाच्या अंगावर येतो हे तुम्हीच समजा. पावसाळ्यात कोकणात किंवा कोल्हापुराकडे साचा वाळायला किती वेळ लागतो, ते आम्हाला विचारा. ऑगस्ट-सप्टेंबरची तारीख धरून जूनमध्ये ऑर्डर देणाऱ्या समितीला तर मी हात जोडतो.

रस ओतण्याचं काम सगळ्यांना बघायचं असतं. ते काही मिनिटांत संपतं. मुशीतून लखलखता रस निघतो, नळीत जातो, दुसऱ्या नळीतून वर डोकावतो, टाळ्या होतात. त्यानंतर साचा थंड होऊ द्यायचा, फोडायचा आणि आतून जे येतं ते बघून भलेभले नाराज होतात. काळं, खरखरीत, अंगभर नळ्या निघालेलं धूड. नळ्या कापायच्या, खिळे काढून भोकं बुजवायची, तुकडे एकमेकांना लावून बघायचे. धातू थंड होताना दीड-दोन टक्के आक्रसतो आणि प्रत्येक तुकडा आपापल्या मर्जीने आक्रसतो, त्यामुळे सांधा पहिल्या फटक्यात कधी जुळत नाही. मग तापवून, ठोकून, घासून जुळवायचा आणि आर्गॉन वेल्डिंग करायचं, तेही त्याच मिश्रधातूच्या सळईने. सांध्यावर पुन्हा छिन्नी, कानस. आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा. शेवटी पृष्ठभाग तापवून त्यावर रसायनं मारून तपकिरी-काळपट रंग चढवायचा आणि त्यावर मेण.

बारा फुटी अश्वारूढ पुतळ्याला हे सगळं नीट करायचं तर माझ्या हिशेबाने सव्वा ते दीड वर्ष धरा. तुम्ही देता पाच महिने.

पाच महिन्यांत पुतळा होत नाही का? होतो. दरवर्षी होतातच. पण तारीख काय खाते ते लक्षात घ्या. मातीचं काम ती खात नाही, कारण चेहरा बिघडला तर तुम्ही ओरडाल. रंगाचं कामही खात नाही, कारण ते फोटोत येतं. तारीख खाते आतलं सगळं. भाजणीचे दिवस, थंड होण्याचे दिवस, मेणाच्या जाडीची तपासणी, आतल्या बाजूचं वेल्डिंग, आतला सांगाडा आणि बाहेरची धातूची कातडी यांची गाठ, पुतळा चबुतऱ्याला धरून ठेवणारे अँकर बोल्ट. म्हणजे नेमकं तेच, ज्याच्या जोरावर पुतळा उभा राहतो.

आपल्या भागाला ही विद्या काल-परवाची नाही. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये चार वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. भरीव ओतीव काम, काही चाकांवर. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. ते नक्की किती जुने यावर पुरातत्त्वज्ञांचं अजून एकमत नाही. धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं आणि त्यावरून वाद आणखी वाढला. पण त्या रथावरच्या माणसाचे हात, बैलांच्या वशिंडांचा डौल बघा. ज्याने ते मेणात घडवलं त्याला मेण कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे पक्कं माहीत होतं.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. मराठीच्या जुन्या खुणा शोधणारे अभ्यासक त्यातल्या मराठी ओळींचा दाखला देतात. आम्हाला तो वेगळ्या कारणासाठी जवळचा. त्यात मेणावरून मूर्ती ओतायची रीत दिली आहे. मेणाची मूर्ती आधी तोलायची. पितळ किंवा तांब्याची हवी तर मेणाच्या आठ किंवा दहा पट धातू घ्यायचा, चांदीची हवी तर बारा पट, सोन्याची सोळा पट. मातीचे थर पातळ द्यायचे, एक वाळल्यावर दुसरा. एवढ्या वर्षांनी आमच्याकडेही आधी मेणच तोलतात. ब्राँझची घनता मेणाच्या साधारण नऊ-साडेनऊ पट, वर नळ्यांत राहणारा आणि जळणारा धातू धरायचा. राजाचा हिशेब चुकलेला नाही. आणि थर वाळू द्यायचा, हेही त्याने लिहून ठेवलंय. अनावरणाचा मुहूर्त साधायला थर ओले असतानाच भट्टी पेटवा, असं काही त्यात नाही.

धातूचा मोठा घाट पेलण्याची हिंमतही आपल्याकडे होती. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ अनेकांनी पाहिली असेल. ती ओतली अहमदनगरला, १५४९ मध्ये, निजामशाहीच्या पदरी असलेल्या मुहम्मद बिन हुसेन रूमी याने. वजन सुमारे पंचावन्न टन. तांबं साधारण ऐंशी टक्के, कथील वीस. तोंडावर हत्तीला गिळणारं श्वापद. मी तिला तोफ कमी आणि शिल्प जास्त मानतो. विजापूरला जाण्याआधी ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. क्रेन नाही, गॅसची भट्टी नाही, अशा काळात एवढा धातू एका साच्यात उतरवायचा, तर किती मुशी एका वेळी तयार ठेवाव्या लागल्या असतील, या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

आता मालवणचं बोलावंच लागेल. टाळलं तर पत्र खोटं ठरेल. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाहीत, एक पावसाळाही पुरता काढला नाही. कला संचालनालयाने सहा फुटी मातीच्या नमुन्याला मंजुरी दिली होती, पुतळा ३५ फुटांचा होणार याची आपल्याला कल्पना नव्हती, असं तेव्हाच्या संचालकांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. दोष कुणाचा हे ठरवायला चौकशा आहेत, कोर्ट आहे. मी त्यात पडत नाही. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला ती बातमी वाचून धक्का बसला नाही, वाईट वाटलं. तारखेच्या पायात काय काय राहून जातं, हे आम्ही रोज बघतो. पुढे तिथेच साठ फुटी ब्राँझचा नवा पुतळा उभा राहिला आणि मे २०२५ मध्ये त्याचं अनावरण झालं.

सहा फुटांचा नमुना ३५ फुटांवर नेला तर काय बिघडतं, असं एका समितीत मला खरोखर विचारलं गेलंय. बिघडतं ते गणितात. उंची दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे त्याच जाडीला धातू चौपट. वारा ज्या अंगावर आदळतो ते अंगही चौपट. आणि पुतळा उलथवणारा जोर, म्हणजे तो वारा गुणिले उंची, आठपट. शेजारच्या गावापेक्षा आपला पुतळा एक फूट उंच हवा, हा हट्ट प्रत्येक समितीत कुणीतरी धरतोच. फूट वाढवा हो, पण मग सांगाडा नव्याने काढा, अँकर नव्याने मोजा, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. एका मर्यादेपलीकडे पुतळा ही इमारतच असते, ब्राँझ फक्त तिची कातडी. गुजरातेत केवडियाला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा आहे तो आत काँक्रीट आणि स्टील घेऊन. त्याचे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण ती इंजिनिअरिंगची वेगळी जात आहे आणि तिचा खर्चही.

घोड्याच्या पायांबद्दल तर बोलायलाच नको. "पुढचे दोन्ही पाय वर हवेत, कारण..." आणि मग त्या पायांवरून स्वाराला मरण कसं आलं ते ठरतं, हे पुराण. असा कुठलाही नियम शिल्पकलेत नाही. दोन पायांवर घोडा उभा करणं अवघड असतं ते तोलामुळे. माद्रिदसाठी १६४० मध्ये इटालियन शिल्पकार पिएत्रो ताकाने स्पेनच्या राजा चौथ्या फिलिपचा असा घोडा ब्राँझमध्ये ओतला तेव्हा मागचा भाग जड, पुढचा हलका आणि शेपटी तिसरा पाय म्हणून, अशी युक्ती केली. त्यासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात. तुमच्या घोड्याचे दोन पाय वर हवे असतील तर शेपटी जमिनीला टेकू द्या. "शेपटी हवेत उडती दाखवा" असा ठराव करू नका.

किनाऱ्यावरच्या समित्यांना थोडं वेगळं सांगायचं आहे. साधं लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना चिकटून, मध्ये खारट ओल, असं झालं की लोखंड झपाट्याने गंजतं आणि फुगतं. आत फुगलेला सांगाडा बाहेरची कातडी ढकलतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं हेच झालं. १८८६ ची मूर्ती, तांब्याची कातडी, आत लोखंडी पट्ट्या, आणि दोन्ही धातू एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये लाख पाजलेलं ॲस्बेस्टॉस. शंभर वर्षांत ते झिजलं, पट्ट्या फुगल्या, रिव्हेट निघाले. १९८४ ते ८६ या काळात त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. तिथे निदान शंभर वर्षं गेली. तेव्हा आतलं स्टील कुठल्या प्रतीचं हे विचारा, किनाऱ्याला ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या, आणि पुतळ्याच्या पायाशी पाणी निघायला भोकं आहेत की नाहीत ते स्वतः वाकून बघा. पाऊस कुठल्या ना कुठल्या सांध्यातून आत जातोच. तो बाहेर पडला पाहिजे.

टेंडरबद्दल. "पंचधातूचा पुतळा" किंवा "ब्राँझ धातूचा पुतळा" एवढं लिहून भागत नाही. गनमेटल म्हणजे ८८ टक्के तांबं, १० कथील, २ जस्त. आणखी एक चालतं ते ८५-५-५-५, म्हणजे तांबं ८५ आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच. यातलं कथील सगळ्यात महाग, त्यामुळे दर पडला की आधी कथील गळतं आणि जस्त वाढतं. मग जे उभं राहतं ते पितळ. रंग मारल्यावर तुम्हाला काय, मलाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. प्रत्येक भट्टीच्या रसाचा नमुना लॅबला पाठवायला सांगा, कोल्हापूर-पुण्यात अशा लॅब जागोजागी आहेत. किमान जाडी आकड्यात लिहा आणि ती गेजने मोजून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, माती, मेण, ओतकाम, जोडणी. आणि सगळ्यात कमी दराला काम, हा गटारीचा नियम शिल्पाला लावू नका.

काही गावांत घरोघरची जुनी भांडी गोळा करून पुतळ्यासाठी देतात. त्यामागची माया मला कळते. आजीचा तांब्या महाराजांच्या अंगात गेला ही भावना मोठी आहे. पण त्या ढिगात पितळेचे हंडे, काशाच्या वाट्या, ॲल्युमिनियमचा एखादा चुकार डबा, कल्हईचं कथील, डागाचं शिसं सगळं एकत्र असतं. काशात कथील वीस टक्क्यांच्या वर असतं, ते कडक आणि ठिसूळ. ॲल्युमिनियमचा थोडासा अंश गनमेटलच्या रसात गेला तरी ओतकाम बिघडतं. भांडी जरूर गोळा करा, त्यांचा जाहीर लिलाव करा आणि त्या पैशातून प्रमाणित धातूच्या विटा घ्या. देणगीदारांची नावं चबुतऱ्यावर कोरा, त्यांना तेवढंच समाधान मिळेल.

अनावरणानंतर तर पुतळ्याला कुणी वालीच नसतो. ब्राँझ वर्षानुवर्षं टिकतं म्हणजे त्याच्याकडे बघायचंच नाही, असं नाही. प्रतापगडचा सतरा फुटी अश्वारूढ पुतळा १९५७ पासून उभा आहे, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात. मुंबईतला काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १८७९ चा. १९६५ मध्ये तो चौकातून उचलून भायखळ्याला नेला, आजही ठणठणीत आहे. चांगल्या ओतकामाचं आयुष्य हे असं असतं. आपण मात्र काय करतो? जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट मारतो. चिंच, लिंबू, नाहीतर भांड्यांची पावडर लावून घासतो. त्याने वरचा संरक्षक थर निघतो आणि उघडा धातू पुन्हा हवेला लागतो. दुधाचा अभिषेक होतो, दूध चुण्यांत साठून आंबतं, तिथे जंगाल धरतं. समुद्राकाठी तर मिठाने फिकट हिरवे, भुकटी सुटणारे डाग पडतात, ते आत आत खात जातात. वर्षातून एकदा साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मेणाचा हात फिरवा. खर्च मांडवाच्या एका कमानीपेक्षा कमी. हे काम करणारा माणूस तुमच्या गावात नसेल तर फौंड्रीला विचारा, कुणीतरी येऊन शिकवेल.

तारखेवर परत येतो. मला तुमची अडचण कळत नाही असं नाही. जयंतीला लोक जमतात, वर्गणी जमते, पाहुणे मिळतात. त्यासाठी साधा मार्ग आहे. पहिल्या जयंतीला मातीच्या नमुन्याचं दर्शन ठेवा, गावाला चेहरा बघू द्या, लोकांच्या सूचना घ्या. ज्या दिवशी ओतकाम आहे त्या दिवशी गावातली शाळेची मुलं फौंड्रीत आणा. सुरक्षित अंतरावर उभं करायची जबाबदारी आमची. पुढच्या जयंतीला चबुतऱ्याचं पूजन करा. आणि अनावरण पुतळा तयार झाल्यावर. तो दिवस जयंतीचा नसेल तर नसेल. ज्यांच्या जयंतीसाठी हे सगळं चाललंय, त्यांच्या काळात कामाचा हिशेब कामाने व्हायचा.

तुमच्या पुढच्या सभेत पुतळ्याचा ठराव येईल. त्यातल्या "दिनांक ___ रोजी अनावरण करण्यात यावे" या ओळीच्या जागी "तांत्रिक तपासणीचा अहवाल मिळाल्यानंतर समिती तारीख ठरवेल" असं लिहून घ्या. आणि ग्रॅनाइटवाल्याला सांगा, तारखेपुरती जागा मोकळी ठेव.

आपला नम्र,
फौंड्रीत मेण आणि छिन्नीचं काम करणारा एक कारागीर

ता. क. : हार घालायला शिडी पुतळ्याच्या हाताला किंवा तलवारीला टेकवू नका. तलवार हा पुतळ्यातला सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जास्त वेळा मोडून पुन्हा डाग देऊन जोडावा लागणारा भाग असतो. चबुतरा बांधतानाच मागच्या बाजूला पक्की पायरी करून घ्या.